चार ओळी मोकळ्या

…आणि वर मला म्हणतो कसा, "सोप्पं आहे हो बाई, एक बटण दाबायचं!" अरे, एकच बटण दाबायचं होतं तर सहा तासांचं ट्रेनिंग कशाला ठेवलंत बाबांनो? आं? सहा तास! सकाळी नऊपासून आम्ही बत्तीस शिक्षक त्या प्रयोगशाळेतल्या स्टुलांवर, पाठ टेकायला जागा नाही, आणि समोर हा ट्रेनिंगवाला! वय काय असेल हो त्याचं, माझ्या हाताखालून गेलेली पोरं याच्यापेक्षा पोक्त दिसतात. तर हा पडद्यावर बाण फिरवतोय, इथून तिथे, तिथून इथे, आणि दर दोन मिनिटांनी विचारतोय, "समजलं? सगळ्यांना समजलं ना?" आणि आम्ही काय करतोय? माना हलवतोय! तुम्हाला सांगते, एकोणतीस वर्षं झाली मी सातवीला भाषा शिकवतेय, एकोणतीस वर्षं "समजलं का रे?" विचारतेय, आणि पोरांच्या माना हलल्या की पुढच्या धड्यावर जातेय… त्या दिवशी मला कळलं की मान हलवणं म्हणजे काय असतं. मान हलवणं म्हणजे, बाबा, कळलं नाही ते नाही, पण आता घरी जाऊ दे!

बरं, गेले घरी. दुसऱ्या दिवशी वर्गात येते तर काय, फळा गायब! माझा फळा हो, कोपऱ्यात टवका उडालेला, वरच्या डाव्या बाजूला खडू कुरकुरायचा, तो फळा. त्याच्या जागी हा भलामोठा काळा आरसा. त्यात मीच दिसतेय, केस विस्कटलेली, हातात डस्टर. आता एकोणतीस वर्षांची सवय, तासाला सुरुवात म्हणजे आधी फळा पुसायचा. घेतलं डस्टर, पुसला इकडून तिकडे, एकदा, दोनदा… आणि पुसता पुसता लागला हो, फोन लागला! कुणाला? मोठ्या सरांना! म्हणजे मुख्याध्यापकांना! अख्ख्या फळ्यावर मोठ्या सरांचा चेहरा, दारापेक्षा मोठा, आणि सर डबा खातायत! तोंडात घास, गाल फुगलेला, आणि म्हणतायत, "अं? कोंण? बाई? कांय झांलं?" मी घाबरून पुन्हा डस्टर फिरवलं, तर सर आणखी मोठे झाले! नुसतं नाक! त्रेचाळीस पोरं बाकांखाली लोळतायत हसून आणि मी त्या नाकासमोर उभी, डस्टर धरून. आता नाक पुसू की काय करू, सांगा!

तेव्हा तिसऱ्या बाकावरून ती उठली. शांतपणे आली, फळ्याच्या कडेला कुठेतरी एक बोट लावलं, आणि सर विझले. ना हसली, ना काही. मला हळूच म्हणाली, "बाई, हा पुसायचा नसतो." एवढंच. जागेवर जाऊन बसली.

तिला सगळा वर्ग वायरमन म्हणायचा. बारा वर्षांची पोर हो, दोन वेण्या, एक कायम सुटलेली, बोटांना सतत कसली तरी चिकटपट्टी. वडील लिफ्टदुरुस्तीचं काम करतात, त्यामुळे घरात पेचकस, तारा, सगळं रांगायच्या वयापासून हाताळलेलं. फळा चालेना, बोलवा वायरमनला. आवाज येईना, बोलवा वायरमनला. शेजारच्या वर्गातले विज्ञानाचे मास्तर, स्वतःला मोठे जाणकार समजतात, तेसुद्धा दारातून डोकावून, "जरा वायरमन द्याल का पाच मिनिटं?" म्हणजे मी काय तिला भाड्याने देते? पण खरं सांगू का, मला अभिमान वाटायचा. माझी वायरमन! मला शिकवताना तर कधी आवाज नाही चढवला पोरीने. आमची लेक शिकवायला लागली की तिसऱ्या मिनिटाला, "आई, किती वेळा सांगू!" आणि ही? मी सतराव्यांदा चुकले तरी, "बाई, सोप्पं आहे, एक बटण दाबायचं," पण असं म्हणायची, की ते खरंच सोपं वाटायचं. तेच वाक्य, पण त्या ट्रेनिंगवाल्याच्या तोंडी ऐकलं की डोकं फिरायचं!

आता तुम्ही म्हणाल, बाई, तक्रार कसली मग? सांगते ना. पण त्याआधी चार ओळींचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही, आणि तुम्ही नुसत्या माना हलवाल.

माझ्या वर्गात एक पद्धत आहे. होती. मी पहिल्या दिवशीच सांगायची, निबंध लिहून झाला की खाली चार ओळी मोकळ्या सोडायच्या. त्या बाईंच्या. तिथे मी शेरा नाही द्यायची हो, 'बरा', 'ठीक', 'अक्षर सुधारा', असलं काही नाही. तिथे मी उत्तर द्यायची. पोराने लिहिलं की आमची मांजर हरवली, तर मी खाली विचारायची, कान कसे होते तिचे? मग पुढच्या निबंधात, विषय भले 'शिस्तीचे महत्त्व' असो, मधेच एक वाक्य यायचं, 'बाई, एक कान फाटका होता.' पोरांना ते बरोब्बर ठाऊक असायचं, जे तोंडाने बोलता येत नाही ते लिहायचं आणि खाली चार ओळी सोडायच्या. एकदा एकाने निबंध लिहिलाच नाही, नुसत्या चार ओळी सोडल्या आणि वर लिहिलं, 'बाई, आज तुम्हीच सुरू करा.' मी लिहिलं, 'भांडलास का कुणाशी?' त्याने पान भरून लिहिलं! आता टक्कल पडलंय त्याला, बाप झालाय, परवा रस्त्यात भेटला तर म्हणतो, "बाई, वही अजून आहे." गणित नाही आठवत त्याला, इतिहास नाही आठवत, माझ्या चार ओळी आठवतात. मी पण काय कमी फुशारकी मारली का त्यावर? नणंदेच्या घरी, लग्नात, दवाखान्यात रांगेत बसल्यावरसुद्धा!

तर या वर्षी वह्या बंद. प्रत्येक पोराच्या हातात टॅब्लेट, माझ्या हातात टॅब्लेट, निबंध त्यात लिहायचा, त्यातच तपासायचा. आणि उत्तर? उत्तर नाही हो, अभिप्राय! तोही आपला नाही, तयार! पंधरा अभिप्राय आधीच लिहून ठेवलेत कुणीतरी, क्रमांक एक ते पंधरा, त्यातला एक निवडायचा. स्वतःचं काही लिहायचं असेल तर कुठेतरी तीन पायऱ्या आत जाऊन एक बारीकशी चौकट आहे, टाचणीच्या डोक्याएवढी, आणि तिथे टाइप करायला गेलं की माझं बोट एका वेळी तीन अक्षरं दाबतं. मी पहिल्या निबंधाला तसं लिहीत बसले, एका पोराला उत्तर लिहायला वीस मिनिटं! त्रेचाळीस पोरं गुणिले वीस मिनिटं, करा हिशोब. मी केला आणि डोळे पांढरे झाले.

त्यात तो फलक! शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर एक पडदा लावला मोठ्या सरांनी. त्यावर आमची बत्तीस जणांची नावं. ज्याचं तपासून झालं त्याचं नाव हिरवं, ज्याचं राहिलं ते लाल. चहा पीत असले तरी समोर मी, लाल. डबा खात असले तरी लाल. आणि कधी कधी लुकलुकायचं सुद्धा! परवापरवा लागलेला तो खेळाचा शिक्षक, ज्याला जोडाक्षर लिहिता येत नाही, तो हिरवा! आणि एकोणतीस वर्षांची मी लाल! मोठे सर जाता जाता म्हणायचे, "बाई, जरा काळाबरोबर चला. सोप्पं आहे, एक बटण दाबायचं." मला मेलीला इतकी लाज वाटायची ना, खोटं कशाला बोलू. लाज वाटायची आणि रागही यायचा, आणि मला वाटायचं, एकदा, एकदा तरी यांना हिरवं होऊन दाखवीन!

आणि दाखवलं हो. दाखवलं!

त्या बुधवारी मी निबंध दिला, 'माझ्या घरातील एक जागा'. गुरुवारी दुपारी चारच्या आत तपासून पाठवायचे होते. चार वाजून गेले तरी मी लाल. तेव्हा विज्ञानाचे मास्तर शेजारी येऊन बसले, आवाज खाली करून, जसं काही चोरीची वाट दाखवतायत, "बाई, वेड्या आहात का? एकेक कसले उघडताय? हा वरचा चौकोन दिसतोय? त्यावर टिचकी मारा, सगळे एकदम निवडले जातात. आता अभिप्राय निवडा एक. कुठलाही. आणि एक बटण दाबायचं." मी म्हटलं, "सगळ्यांना एकच?" तर म्हणाले, "अहो, पोरं काय एकमेकांना दाखवत बसणारेत का? आणि नंतर वाचा की सावकाश, कुणी नको म्हटलंय?"

नंतर. सावकाश. मी निवडला क्रमांक सात. 'छान प्रयत्न! कल्पना आवडली. असेच लिहीत राहा.' बघा ना, किती गोड आहे. कुणाचं वाकडं व्हायचं नाही त्यात. दाबलं बटण. चार वाजून दहा मिनिटं झाली होती, पण चालतं म्हणे दहा मिनिटं. आणि भिंतीवर बघते तर माझं नाव… हिरवंगार! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या हो खोलीत. त्या जोडाक्षरवाल्यानेसुद्धा.

बाहेर आले तर व्हरांड्यात वायरमन उभी. दप्तर पाठीला, शाळा सुटलेली, तरी उभी. टॅब्लेट छातीशी धरलेला. म्हणाली, "बाई, निबंध तपासले?" मी म्हटलं, "सगळे! त्रेचाळीसच्या त्रेचाळीस! चार मिनिटांत! कुणामुळे? तुझ्यामुळे गं, तूच शिकवलंस ना मला सगळं!" आणि तिचा गालगुच्चा घेतला. तिने टॅब्लेट दप्तरात घातला. मग म्हणाली, "छान केलंत बाई." आणि गेली. मला वाटलं, बघा, गुरूला शिष्येने शाबासकी दिली! हवेत होते मी, हवेत.

शुक्रवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी मोठ्या सरांनी मला पुढे बोलावलं. माईकवरून, अख्ख्या शाळेसमोर, "शिकण्याला वय नसतं, हे आपल्या बाईंनी दाखवून दिलं आहे. सर्वात जलद अभिप्राय! चार मिनिटं!" प्रमाणपत्र दिलं, आणि एक कुंडी दिली. रोपटं म्हणे. मी तीन दिवस पाणी घातलं त्याला, मग आमच्या ह्यांनी पान ओढून दाखवलं, प्लॅस्टिकचं! तर ते सोडा. सातवीच्या रांगेत ती टाळ्या वाजवत होती. मी बघितलं ना तिच्याकडे मुद्दाम.

त्या दिवशी शेवटच्या तासानंतर ती थांबली. म्हणाली, "बाई, आज फळा तुम्ही बंद करा. मी नुसती बघते." मी केला, चुकला. पुन्हा. चुकला. "आधी कडेचं बटण, मग मागचं." पुन्हा केला, जमला. म्हणाली, "आता चालू करून पुन्हा बंद करा." मी म्हटलं, "अगं, आज काय परीक्षा घेतेस का माझी?" तर म्हणे, "मी नसले एखाद दिवशी तर?" आणि मी काय म्हणावं? माझ्या या जिभेला काही हाड! मी म्हटलं, "नसशील म्हणजे? कुठे उलथायला जातेस?" हसत हसत म्हटलं हो, आपण म्हणतो ना पोरांना. तीही हसली. माझ्याकडून तीनदा बंद करून घेतला तिने फळा. मग दारात जरा रेंगाळली, पण मला घाई होती. कुंडी घरी न्यायची होती ना मला!

घरी आल्यावर प्रमाणपत्र ठेवलं ह्यांच्यापुढे. आमचे हे म्हणजे महिन्याला तीन वाक्यं बोलणारा माणूस. चष्मा लावून वाचलं सगळं, वरपासून सहीपर्यंत. आणि म्हणाले, "चार मिनिटांत त्रेचाळीस." मी म्हटलं, "हो!" तर म्हणाले, "मग वाचले कधी?"

मी काय म्हटलं असेल? माझ्याच तोंडाने म्हटलं हो, "अहो, वाचायचं काय त्यात? सोप्पं आहे, एक बटण दाबायचं!" त्यांनी चष्मा काढला, घडी करून ठेवला. मी दोन दिवस फणफणत होते त्यांच्यावर. कौतुक म्हणून नाही कशाचं! पण ते 'वाचले कधी' दातात अडकल्यासारखं अडकलं. रविवारी दुपारी म्हटलं, बघाच आता, वाचून दाखवते. बसले टॅब्लेट घेऊन.

आणि काय सांगू, मजा यायला लागली. एकाने लिहिलं होतं, माझी आवडती जागा फ्रिजचं दार. एकीने लिहिलं होतं, जिन्याची सातवी पायरी, कारण तिथून सगळ्यांच्या घरातलं ऐकू येतं. एक जण आमचा चलाख, त्याने यंत्राकडून लिहून घेतला होता, 'माझ्या निवासस्थानातील सौंदर्यपूर्ण अवकाश', मेल्याचं घर एका खोलीचं आहे! हसत हसत बेचाळीस वाचले. वायरमनचा मुद्दाम शेवटी ठेवला होता, शेवटचा घास गोड म्हणून.

थांबा हं जरा… नाही, ठीक आहे. पाठ आहे मला तो. म्हणून दाखवते.

'आमच्या घरात दोन खोल्या आहेत. एक आईची आहे आणि एक बाबांची आहे. मधे पॅसेज आहे. माझं टेबल पॅसेजमध्ये आहे. मी तिथे अभ्यास करते कारण मी ज्या खोलीत बसते त्या खोलीची होते आणि दुसऱ्या खोलीचा दिवा बंद होतो. पॅसेजमध्ये बसलं की दोन्ही दिवे चालू राहतात. पॅसेजमधला बल्ब मी स्वतः लावला आहे. आईला दुसऱ्या गावी नोकरी लागली आहे. शुक्रवारी संध्याकाळी ती मला घेऊन जाणार आहे. बाबा काही बोलत नाहीत. त्यांना वाटतं मला आईबरोबर जायचं आहे. आईला वाटतं मला जायचं आहे. मला कुठे राहायचं आहे हे कुणी विचारलं नाही. बाई, तुम्ही विचाराल का? शुक्रवारच्या आत.'

आणि खाली चार ओळी मोकळ्या. टॅब्लेटवर हो! तिथे कुठल्या आल्या ओळी? चार वेळा बटण दाबून दाबून तिने त्या तयार केल्या होत्या. सगळ्या वर्गात तिने एकटीने. वह्या गेल्या तशा बाकीची पोरं विसरली, मी विसरले. शाळेतली सगळ्यात हुशार वायरमन, जिला एका बटणात सगळं करता येतं, तिने माझ्यासाठी चार बटणं दाबली.

आणि त्या चार ओळींच्या खाली मी. 'छान प्रयत्न! कल्पना आवडली. असेच लिहीत राहा.' आणि त्याच्याखाली त्या यंत्राने स्वतःच्या मनाने एक ओळ जोडलेली, 'सूचना : शेवटी अनावश्यक मोकळी जागा आढळली. कृपया टाळावी.'

पोटात खड्डा पडणं म्हणतात ना, निबंधात शंभर वेळा खोडलाय मी तो वाक्प्रचार, फार घासलेला आहे म्हणून. खरोखर पडतो हो खड्डा. अजून तसाच आहे.

थांबा, अजून संपलं नाही. त्या यंत्रात पोरांनाही उत्तर द्यायची सोय आहे. तयार! तीनच बटणं. 'धन्यवाद', 'समजले', आणि 'मला मदत हवी आहे'. तिने कुठलं दाबलं असेल? गुरुवार, चार वाजून अकरा मिनिटं. मी पाठवल्यावर एका मिनिटात. म्हणजे हातात घेऊन बसली होती पोर, वाट बघत. 'समजले.'

समजले! अगं, काय समजलीस तू? काय समजलीस, बाई? आणि त्यानंतर तू मला व्हरांड्यात विचारलंस, तपासले का म्हणून! म्हणजे तुला वाटलं असेल, एकदा तोंडाने विचारून बघू, चुकून झालं असेल बाईंचं. आणि मी तुझा गालगुच्चा घेतला!

मग सुरू झाली माझी धावपळ, बैल गेला नि झोपा केला! तिच्या आईचा नंबर, बंद. सोमवारी सकाळी ऑफिसात क्लार्ककडे, तर तो रजिस्टरमधून मान वर न काढता, "दाखला नेला बाई त्यांनी शुक्रवारी दुपारीच. नवा पत्ता? तो रकाना नसतो आपल्याकडे." अरे, चपलेचा नंबर विचारणारा रकाना आहे तुमच्या फॉर्मात!

संध्याकाळी वडिलांकडे गेले. दार उघडलं त्यांनी, कामाचे कपडे अंगावर, एक खोली अंधारी, एका खोलीत दिवा. मधे पॅसेज. टेबल तिथेच, वरचा बल्ब चालू. म्हणाले, "बसा." बसायला तीच एक छोटी खुर्ची, गुडघे छातीला लागले माझे. मी म्हटलं, तुम्हाला एक दाखवायचंय, आणि टॅब्लेट काढला… बॅटरी संपलेली! बघा नशीब! त्यांनी चार्जर आणला, लावला. आम्ही दोघं त्या पॅसेजमध्ये, ते उभे, मी खुर्चीत, समोर ती रिकामी बॅटरी लाल लाल लुकलुकतेय. वीस मिनिटं. काय बोलायचं? मी म्हटलं, "लिफ्टचं काम फार जोखमीचं असेल नाही?" ते म्हणाले, "नाही, सवय होते." झालं. चालू झाला टॅब्लेट, तर म्हणे, 'अपडेट होत आहे. कृपया थांबा.' थांबलो. आणि झालं एकदाचं अपडेट, मी वर्ग उघडला, तर ती नाही! बेचाळीस नावं. दाखला गेला ना, यंत्राने नाव काढलं, नावाबरोबर निबंधही काढला. चिठ्ठीसुद्धा मागे ठेवली नाही मेल्याने!

मग मी म्हणून दाखवला. एका रात्रीत पाठ झाला होता मला. छोट्या खुर्चीत बसून, सातवीतल्या पोरीसारखा, अडखळत अडखळत सगळा म्हणून दाखवला. 'बाबा काही बोलत नाहीत' इथे आल्यावर त्यांनी भिंतीला हात टेकला. शेवटी म्हणाले, "मला वाटलं, तिला आईच हवी. मी विचारलं असतं आणि ती आई म्हणाली असती तर? म्हणून नाही विचारलं." आणि मग म्हणाले, "तिने कुणालाच काही सांगितलं नाही हो." मी म्हटलं, "सांगितलं. मला सांगितलं. लेखी सांगितलं." फार रडले मी तिथे, एका परक्या माणसाच्या घरात, लाज न बाळगता. त्यांनी पाणी दिलं. निघताना मी त्यांचा हात धरून म्हटलं, "विचारा तिला. अजून विचारा." म्हणाले, "रविवारी फोन येणार आहे तिचा. विचारतो."

पुढच्या सोमवारी ते शाळेच्या फाटकाशी आले. म्हणाले, "विचारलं बाई. म्हणाली, 'आता इथल्या शाळेत नाव घातलंय ना बाबा.'" मी म्हटलं, "बस? आणखी काही?" तर म्हणाले, "तुमच्यासाठी निरोप आहे. म्हणाली, बाईंना सांगा, फळा बंद करताना आधी कडेचं बटण, मग मागचं. उलटं केलं की खराब होतो."

आता काय करू मी, सांगा ना! चार ओळी लिहून ठेवल्यात मी, कागदावर, पेनाने. कोपऱ्यात तारीख घातलीय, शुक्रवारच्या आतली. खोटी तारीख घातलीय, आयुष्यात पहिल्यांदा. वडील म्हणालेत, पत्ता कळला की देतो. पर्समध्ये घेऊन फिरतेय. वर्गात सगळ्यांना परत वह्या आणायला लावल्यात, मोठे सर ओरडले तर ओरडोत, भिंतीवर माझं नाव लाल तर लाल, लुकलुकू दे, नेऊन झाडाला टांगा ते! त्यांनी ते प्रमाणपत्र परत मागितलं तर देईन, कुंडीसकट देईन.

पण गंमत सांगते. काल फळा बंद केला, आधी कडेचं, मग मागचं, पहिल्याच फटक्यात जमलं, शाबास म्हणायला कुणी नव्हतं. आणि टॅब्लेट वाजला. उघडून बघते तर मोठ्ठ्या अक्षरांत, 'अभिनंदन! वर्गातील ४२ पैकी ४२. तुमच्याकडे कोणत्याही विद्यार्थ्याचे उत्तर बाकी नाही.' मी म्हटलं, खोटं बोलतोस मेल्या! एक बाकी आहे. सांगायला गेले त्याला, तर बोलायला जागाच नाही हो कुठे. चौकट नाही, ओळ नाही, काही नाही. खाली एकच बटण होतं.

'समजले.'

दाबलं. ते दाबल्याशिवाय पुढे जाताच येत नाही म्हणे.